दुपारचं बंद दार

आमच्या मजल्यावर दिवसा दार लावायची पद्धत नाही. सकाळी पाणी आलं की दार उघडतं, ते जेवणं उरकून अंथरुणं पडेपर्यंत उघडंच. मध्ये पडदा असतो, तोही कडीला अर्धा खोचलेला. आम्ही सगळे आधी नाल्याकाठच्या झोपड्यांत राहायचो. झोपड्या पाडल्या, इमारत उभी राहिली, लिफ्ट आली, बिघडली, दाराला नवी कुलपं आली. सवय मात्र जुनीच राहिली. भरदुपारी कोणाचं दार लागलेलं दिसलं की येणारा-जाणारा थांबतो. आत कोण आहे ते बाहेर काढलेल्या चपलांवरून ओळखतो आणि कशाला आहे ते स्वतःच्या मनाने ठरवतो.

पुढचं सगळं त्या दारावरून झालं म्हणून आधी दाराचं सांगितलं.

घरात आम्ही चौघं. मी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा पवईच्या एका कंपनीची बस चालवतो. कामाला चोख आहे, दारूही रोजची नाही. पण त्याचा हात उठतो. त्याच्या बापाचाही उठायचा. बाप मिलमध्ये होता. मिल बंद पडल्यावर लोक म्हणायचे, बेकारीने माणूस चिडका झाला. मिल चालू होती तेव्हाही तो मारायचा. मुलाच्या बाबतीत लोक ट्रॅफिकचं कारण सांगतात. मी कारणं ऐकणं सोडून दिलं आहे. मध्ये पडते. कधी उपयोग होतो, कधी मलाच बाजूला ढकलतो. तेवढ्या वेळापुरतं मात्र आमचं दार आतून लागतं, आणि शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात.

मागच्या थंडीत एका दुपारी एक मुलगी दारात आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी. कुठल्याशा कॉलेजकडून आले म्हणाली, बायकांच्या तब्येतीची पाहणी चालली आहे. बोलायला बरी होती, उगीच गोड नव्हती. मी म्हटलं, "बस. गुडघ्यापासून सुरू करू की डोळ्यांपासून?"

ती हसली. "आजी, तुमचं वय बसत नाही यात. पन्नाशीच्या आतल्या बायकांशी बोलायचंय. आणि एका घरात एकीशीच."

"म्हणजे पन्नाशीनंतर बाईला तब्येत नसते?"

"असते ना. पण आमच्या या कामात नाही घेतली."

"मग चुकलंच तुमचं."

"असेल," ती म्हणाली. वाद घातला नाही.

सून पदराला हात पुसत आतून आली. मुलीने तिला उभ्याउभ्याच सांगितलं, की बोलायचं की नाही ही तुमची मर्जी. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल, मधेच नको वाटलं तर तिथेच थांबू. नाव लिहिणार नाही, सही घेणार नाही. हे ऐकून माझे कान टवकारले. आमच्याकडे मतदारयादीवाला येवो, गॅसवाला येवो, सही नाहीतर अंगठा घेतल्याशिवाय कोणी जिना उतरत नाही. हिला नावसुद्धा नको, म्हणजे विचारायचं काय आहे?

मग ती माझ्याकडे वळली. "आजी, थोडा वेळ आम्हाला दोघींनाच बोलू द्याल का?"

"मी कुठे जाऊ? एक खोली, एक स्वयंपाकघर. मोरीत जाऊन बसू?"

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "आई, बाहेर खुर्ची टाकते तुम्हाला."

माझी सून लग्न होऊन आल्यापासून मला कधी ऊठ म्हणालेली नाही. खुर्ची टाकते म्हणाली तेव्हा मला कळलं की हिला काय विचारणार आहेत ते समजलंय, आणि हिला बोलायचंय. मी सुकटीचं ताट उचललं आणि बाहेर गेले. मागे कडी लागली. कडीचा आवाज ऐकूनच वाटलं, हे काही बरं नाही. पण त्या मुलीचंही चुकीचं नव्हतं. अंगावरचे वळ उघड्या दारात कोण मोजून दाखवणार?

सुकट निवडायला बसलं की वेळ जातो. डोकी वेगळी, कचरा वेगळा. वारा त्या दिवशी कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगकडून येत होता, त्यामुळे सुकटीचा वास कोणाला येण्यासारखा नव्हता. तरी समोरची बाहेर आलीच.

ही आमच्या समोरच्या दारात राहणारी. माझ्यापेक्षा बरीच लहान, मला काकी म्हणते. मनाने वाईट नाही. पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. राहिली तर तिला गॅस होतो.

"काय गो काकी, भर उन्हाची दार लावून?"

"माझं दार आहे. लावलं."

"आणि तू बाहेर? सुनेने काढली की काय?"

"सुकटीचा वास नको म्हणून बसलेय बाहेर."

ती चपलांकडे बघत होती. सुनेच्या चपला होत्या, आणि शेजारी एक परका जोड. "कोण आलंय?"

आता काहीतरी सांगायला हवं होतं. खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी ते खाली रिक्षा स्टँडवर पोचलं असतं, आणि माझा मुलगा बस जमा करून तिथेच चहाला थांबतो. बायको परक्या बाईपुढे बसून माझ्या माराचं सांगते, एवढं त्याच्या कानावर गेलं असतं तर पुढचं मला डोळे मिटूनही दिसत होतं. मी म्हटलं, "तब्येतीची बाई आलीय. सुनेला तपासतेय."

"दार लावून?"

"मग काय, दार उघडं टाकून तपासतात? तुझी तपासणी काय नाक्यावर झाली होती?"

समोरचीने तोंडावर हात ठेवला. डोळे एवढे मोठे झाले. "अगो बाई! काकी! मग पेढे कधी?"

"गप गो," मी म्हटलं.

आता हे 'गप गो' आमच्यात काय असतं ते सांगते. पहिले तीन महिने दिवस गेल्याचं कोणी कबूल करत नाही. दृष्ट लागते. विचारलं की नाही म्हणायचं, रागवायचं, गप म्हणायचं. त्यामुळे जी बाई जास्त जोरात नाही म्हणते तिला दिवस गेलेत असंच सगळे धरून चालतात. मी स्वतः आयुष्यभर असंच धरून चाललेय. तरी तोंडातून तेच गेलं.

"तसं काही नाही. उगाच कोणाला सांगू नको," मी पुढे म्हटलं. म्हणजे आगीत रॉकेल.

"छे छे, मी कशाला सांगतेय," ती म्हणाली आणि थेट आमची बेल दाबली. "मी पण जरा बीपी बघून घेते, आलीच आहे बाई तर."

मला उठायला वेळ लागतो. मी उठेपर्यंत मुलीने दार उघडलं होतं. आत सून खाली बसलेली, नाक लाल, डोळे लाल. पण मुलीचा आवाज जराही हलला नाही. जसं काही मगाचपासून तेच चाललंय अशा थाटात तिने सुनेला विचारलं, "आणि लोहाच्या गोळ्या घेतल्या की मळमळतं का?"

सुनेने पदराने नाक पुसलं. "हो. थोडं मळमळतं."

हे त्यांना शिकवलेलं असणार. कोणी मधे आलं तर लगेच साधं काहीतरी विचारायचं, म्हणजे येणाऱ्याला वाटावं तब्येतीचीच चौकशी चालू आहे. चांगलं शिकवलंय. पण समोरचीने काय ऐकलं? बंद दार, तपासणारी बाई, लोहाच्या गोळ्या, मळमळ. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू बारशाला पुढची जागा तिचीच.

बीपीचं यंत्र नाही म्हटल्यावरही ती हलली नाही. फतकल मारून बसली आणि स्वतःच्या थायरॉइडचं सांगायला लागली. मुलीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी पिशवी उचलली, सुनेला म्हणाली, राहिलेलं परवा विचारायला येऊ का. सुनेने मान हलवली.

मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्ट नेहमीप्रमाणे खालीच अडकली होती. आजूबाजूला कोणी नाही बघून मी विचारलं, "काय म्हणाली माझी सून?"

"ते मी नाही सांगू शकत, आजी."

"माझा मुलगा आहे तो. मला काय नवीन आहे?"

"तरीपण."

"बरं, माझ्याबद्दल काय म्हणाली तेवढं सांग."

"तेही नाही सांगता येणार. त्यांनी माझ्याशी बोललेलं त्यांचंच आहे."

मला राग आला. हिला पाणी मी दिलं, बाहेर उन्हात मी बसले, आणि मलाच नाही सांगायचं. मग तिथेच कठड्याला धरून उभी असताना मनात आलं, की सासूने एवढं खोदून विचारल्यावर ही जर बधत नाही, तर माझ्या मुलाने विचारलं तरी बधणार नाही. तेवढं एक बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मुलगा घरात आला तो चपला न काढता. नात क्लासला गेलेली. सून चपात्या लाटत होती. मी पलंगावर पाय लांब करून बसले होते.

"खाली सगळे पेढे मागतायत माझ्याकडे," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा बाप होणार म्हणे मी. फक्त मलाच माहीत नाही."

लाटणं थांबलं.

"दार लावून डॉक्टरीण आणली होती घरात? कशाला? काय लपवताय? पाडायचं होतं का?"

तो स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा होता. मी त्याच्या हातांकडे बघत होते. त्याच्या बापाचंही असंच. तोंड बोलत असतं, पण बघायचं ते हाताकडे. पाणी प्यायला घेतलेला स्टीलचा पेला त्याने ओट्यावर ठेवला. हात मोकळा केला.

मी म्हटलं, "ती बाई माझ्यासाठी आली होती."

"समोरची सांगतेय हिला तपासत होती."

"समोरचीला काय मी माझ्या घरातलं खरं सांगू? म्हाताऱ्यांची चौकशी चाललीय सगळ्या इमारतीत. मुलगा सांभाळतो का, वेळेवर जेवायला मिळतं का, अंगावर कोणी ओरडतं का, ढकलतं का. असलं विचारत होती. हे समोरचीला सांगायचं? उद्या तीच खाली जाऊन सांगेल, काकीच्या मुलाची चौकशी आली होती."

तो माझ्याकडे वळला. "ढकलतं का, असं विचारलं?"

"विचारलं."

"मग तू बाहेर कशाला बसली होतीस? तू बाहेर होतीस ना?"

हे त्यानेही नेमकं धरलं. डोकं आहे त्याला, नाही असं नाही. मी म्हटलं, "आधी मला विचारलं. मग हिला वेगळं विचारायचं होतं, सासूला औषध देतेस का, जेवायला देतेस का. माझ्यासमोर ही खरं कशी बोलेल? म्हणून मला बाहेर काढलं."

मुलगा बायकोकडे बघून म्हणाला, "काय सांगितलंस गं?"

सूनबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "वेळेवर देते म्हटलं. गुडघ्याचं तेल संपलंय, तेवढं आणायचं राहिलंय, ते पण सांगितलं."

तेल खरोखरच संपलं होतं.

"आणि तू?" त्याने मला विचारलं. "तू काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"मुलगा चांगला आहे म्हटलं. परत येणार आहेत बघायला. तसाच राहा म्हणजे झालं."

 त्याने दारात जाऊन चपला काढल्या. "मग गोळ्यांनी मळमळतं ते काय?"

"तुझ्या बापाला विचार," मी म्हटलं. "बायकांच्या गोळ्यांचं पुरुषांनी काय करायचंय? जेवायला बस."

जेवला. त्या संध्याकाळी हात उठला नाही. पुढच्या आठवड्यात भाजी खारट झाली म्हणून उठला. त्याचा या गोष्टीशी संबंध नव्हता. मी खोटं बोलले आणि तो सुधारला, असं काही झालं नाही.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना सून हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्हाला माहिती आहे मी काय बोलले तिच्याशी?"

"नाही. आणि मला सांगू नको."

"का?"

"मला माहीत नसलं तर माझ्या तोंडून जाणार नाही. दुपारी बघितलंस ना माझं तोंड काय करून बसलं."

तिला हसू आलं. "पेढे," ती म्हणाली. मग दोघी हसलो, तोंड दाबून, कारण तो पलीकडे मोबाइल बघत होता.

परवाच्या दिवशी मुलगी येणार होती. मी नऊ वाजल्यापासून खाली गेटजवळ जाऊन बसले. वर आली असती तर पुन्हा दार, पुन्हा चपला, आणि आता तर सगळा मजला आमच्या दारावर डोळा ठेवून होता. समोरचीने सकाळीच लिंबाचं लोणचं आणून दिलं होतं, सुनेसाठी.

मुलगी आली. मी तिला गेटाबाहेर नेलं, उभ्याने सगळं सांगितलं. दार, गोळ्या, पेढे, मुलगा.  मी थांबल्यावर तिने पहिलं विचारलं, "त्यांना काही झालं का?"

"नाही. यावेळी नाही."

तिचा चेहरा उतरला होता. "दार मी लावायला सांगितलं," ती म्हणाली. "इथे दिवसा दारं उघडी असतात ते येताना दिसलं होतं मला. तरी सांगितलं."

"उघड्या दारात ती बोलली नसती."

"हो. पण दुसरी जागा शोधायला हवी होती. आज आमच्या कॉलेजच्या बाईंना सांगते, या इमारतीत घरी जाऊन बोलणं बंद करायला लागेल."

मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही बघा. आमच्याकडे आता येऊ नको. झालं तेवढं पुरे. तिला नको आहे आता."

"त्या म्हणाल्या तसं?"

"मी सांगतेय."

"आजी, ते मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल."

"मी सासू आहे तिची."

"म्हणूनच," ती म्हणाली.

 उलट बोलणाऱ्या मुली मी पुष्कळ बघितल्यात. ही उलट बोलत नव्हती, थकल्यासारखी सांगत होती. म्हणाली, थांबवायचं असेल तर आत्ता थांबवू, आधी जे बोलल्या तेही काढून टाकायचं असेल तर काढून टाकू, पण ते ना मी ठरवणार ना तुम्ही. मी वर येत नाही, म्हणाली. त्यांना फक्त एवढं सांगा, की मी दुपारपर्यंत या गल्लीत आहे. आल्या नाहीत तर मी समजून जाईन आणि परत येणार नाही.

मला वर चढून जायला लागलं, लिफ्ट बंदच होती. प्रत्येक मजल्यावर टेकत मी विचार करत होते की सांगूच नये. न सांगता दुपार गेली की प्रश्न मिटला. तिच्याच भल्याचं होतं. तिच्या भल्याचं म्हणून आजवर तिच्याबद्दलचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलेलं आहे, तिच्या भावांनी, माझ्या मुलाने, आणि मीही काही मागे नव्हते. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. पाणी प्यायले आणि सांगून टाकलं.

सून गवारीच्या शेंगा मोडत होती. तिने सगळं ऐकलं. शेंगा मोडून संपवल्या. मग उठून पिठाचा डबा उघडून बघितला.

"आई, दळण आणायला हवं."

"डबा अर्धा आहे की."

"अर्धा म्हणजे संपलाच."

तिने पिशवीत गहू भरले, वर थोडे तांदूळही घेतले भाकरीसाठी, आणि निघाली. दारात समोरची होतीच. "एवढं ओझं उचलू नको गो," ती म्हणाली. सून म्हणाली, "हलकं आहे," आणि गेली.

आमच्या इमारतीच्या मागे पिठाची चक्की आहे. पत्र्याची शेड, तिन्ही बाजूंनी उघडी. दळण टाकून बायका तिथेच उभ्या राहतात, कारण नजर काढली की चक्कीवाला दुसरीच्या बाजरीवर आपले गहू टाकतो. चक्की चालू असली की शेजारी उभ्या असलेल्या बाईचं बोलणं कानाला तोंड लावल्याशिवाय ऐकू येत नाही. वर्षानुवर्षं बायका तिथे अशाच बोलतात, कानाला तोंड लावून. कोणी वळूनसुद्धा बघत नाही. दार नाही, कडी नाही, चपला काढायच्या नाहीत. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, त्या मुलीच्याही नाही. सुनेच्या आलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसते. मी बघितलं. सून पिशवी घेऊन उभी होती आणि ती मुलगी तिच्या बाजूला, ग्राहक असल्यासारखी. सुनेने तिच्या कानाशी तोंड नेलं. मग मुलीने नेलं. मग पुन्हा सुनेने, आणि बराच वेळ तसंच. वरून सुनेचा भांग तेवढा दिसत होता, त्यावर पिठाची पूड बसत होती. ती थांबव म्हणत होती, खोडून टाक म्हणत होती की राहिलेलं सांगत होती, ते वरून कळण्यासारखं नव्हतं. मी खिडकीतून बाजूला झाले आणि गवारीला फोडणी दिली.

ती गरम पीठ घेऊन आली. केस झटकले, तोंड धुतलं. मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. कधीकधी, विशेषतः गुडघे झोपू देत नाहीत तेव्हा, मला वाटतं विचारावं. कदाचित माझ्याबद्दलही काही बोलली असेल. मग म्हणते, मरू दे.

नंतर कधीतरी त्या लोकांनी बालवाडीत सगळ्या बायकांना बोलावलं. घरोघर नाही, सरसकट सगळ्यांना, म्हाताऱ्यांनासुद्धा. रक्त कमी असलं तर काय खावं, बीपी केव्हा तपासावं, लसीकरण कुठे होतं, असा एक छापील कागद दिला. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण छापलेलं अक्षर वाचते. त्याच कागदात, दवाखान्यांच्या नंबरांच्या मधोमध, घरात त्रास होत असेल तर कुठे फोन करायचा तोही नंबर होता. सगळ्यांच्या हातात तोच कागद, त्यामुळे कोणाला कशासाठी हवाय ते कोणाला कळायचं कारण नव्हतं. ती मुलगी एका कोपऱ्यात उभी होती. तिने सुनेकडे ओळखीचं म्हणून बघितलंसुद्धा नाही. सुनेने कागद चारचौघींत घडी घालून पिशवीत टाकला आणि घरी आल्यावर फ्रिजवर लावला. त्यावर रक्तवाढीसाठी पालेभाज्या खा असं मोठ्या अक्षरात आहे. मुलगा रोज तिथून पाणी घेतो. समोरचीने मात्र तिचा कागद ब्लाउजात ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

पेढ्यांचं पुढे काही झालं नाही. महिने गेले, पोट दिसेना, तेव्हा समोरचीने स्वतःच ठरवलं की बिचारीचं पडलं. सुनेला नारळपाणी आणून दिलं. तिनेही घेतलं.

मुलगा तसाच आहे. हात कमी उठतो का, मला विचाराल तर हो, थोडा कमी. कधी कोण चौकशीला येईल याची धास्ती आहे म्हणून असेल. वय होतंय म्हणूनही असेल. बापाचा हात पण शेवटी शेवटी कमी झाला होता, दमा झाल्यावर.

एक झालं. आता त्याचा आवाज चढायला लागला, हात मोकळे व्हायला लागले, की सून पिठाच्या डब्याकडे जाते. सुरुवातीला एकदा ती भांबावून उभीच राहिली, तेव्हा मीच म्हटलं, "अगं, दळण राहिलंय ना? चक्की बंद होईल." आणि पिशवी तिच्या हातात दिली. दळायला निघालेल्या बाईला कोणी अडवत नाही. मारणारा नवराही पोटाला लागणाऱ्या पिठाच्या आड येत नाही, निदान आमचा तरी येत नाही. ती खाली जाते, तिथे बायकांत उभी राहते. तो इथे एकटाच फेऱ्या मारतो, मग मी त्याला पाणी देते, मग तो टीव्ही लावतो. तिने तो फ्रिजवरचा नंबर तिथून कधी लावला का, ते मला माहीत नाही. चक्कीच्या आवाजात फोन ऐकू येत नसेल, पण पलीकडे गल्ली आहे.

काल पुन्हा गेली. डबा काठोकाठ भरलेला असताना गेली. आता घरात गव्हाचं पीठ आहे, तांदळाचं आहे, नाचणीचं आहे, मोठ्या पातेल्यातसुद्धा पीठच आहे. उन्हाळा लागला की त्यात अळ्या होतील. मी सुनेला म्हटलं, पुढच्या वेळी थोडे थोडे गहू नेत जा.